अंश, कला आणि मोत्या

गावाच्या शिवेची खूण जमिनीवर दिसावी, तशीच ती जमिनीखाली लपलेलीही असावी, असा दंडक मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात घालून दिलेला आहे. वड, पिंपळ, तळी, विहिरी आणि देवालये या उघड्या खुणा झाल्या; परंतु शिवेविषयी माणसांना पडणारा भ्रम आणि त्यातून उपजणारे कज्जे ध्यानी घेऊन स्मृतिकाराने दगड, हाडे, गाईचे केस, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू अशा, मातीत सहसा न विरणाऱ्या वस्तू सीमासंधीवर गुप्तपणे पुरून ठेवण्यास सांगितले. वडाला आग लागेल, तळे गाळाने भरेल, साक्षीदार मरतील किंवा फितूर होतील. कोळसा मात्र कुदळ लागेपर्यंत आपली साक्ष राखून ठेवील, असा या तजविजीमागचा हिशेब असावा. आमच्या मोजणी खात्याच्या दफ्तरात बांध, हद्दीचे दगड आणि निशाण्या यांच्या ज्या नोंदी आजही आढळतात, त्यांच्या मुळाशी हीच वृत्ती आहे: काहीतरी ठेवून द्यावे, त्याचा ठावठिकाणा लिहून ठेवावा, आणि पुढे कोणी रुजवात करण्यास आलाच तर त्याने लेख हाती धरून ती वस्तू हुडकून काढावी.

हीच गोष्ट कोणतीही जमीन न बळकावता, कोणावरही दावा न लावता, निव्वळ करमणुकीखातर करणारी माणसे जगात लाखांनी आहेत, हे मला माझ्या पुतण्यामुळे कळले. तो जर्मनीत नोकरीस असतो आणि सुटीच्या दिवशी तिकडच्या रानांतून व तळ्याकाठांवरून, बरोबर कुत्रा घेऊन, अनोळखी लोकांनी दडवलेले डबे शोधत हिंडतो. या उद्योगाला जिओकॅशिंग म्हणतात. डबा सापडला की त्यातल्या वहीत आपले नाव व तारीख लिहावयाची, आतली एखादी क्षुल्लक वस्तू घ्यावीशी वाटली तर तिच्या बदल्यात तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तेथे होता तसा परत लपवून, कोणाच्याही नजरेत न भरता निघून यावयाचे. बक्षीस नाही, प्रवेशमूल्य नाही, आणि हरणारा पक्षही नाही. आमच्या पेठेतील एका निवृत्त मामलेदारांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा पुसत विचारले, "मग अपील कोणाकडे?"

या खेळाचा जन्मदिवस निश्चित सांगता येतो. अमेरिकेच्या लष्कराने अंतराळात फिरत ठेवलेल्या जीपीएस उपग्रहांचे संकेत सामान्य माणसाला पूर्वीही मिळत. परंतु त्यांत हेतुपुरस्सर मिसळलेल्या अशुद्धीमुळे त्याचे स्थान शंभर मीटरपर्यंत चुकत असे. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हुकमाने २ मे २००० रोजी ही अशुद्धी काढून टाकण्यात आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या एका संगणकतज्ज्ञाने ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात प्लास्टिकची एक काळी बादली पुरून ठेवली आणि ४५ अंश १७.४६० कला उत्तर, १२२ अंश २४.८०० कला पश्चिम हा तिचा पत्ता जाहीर केला. बादलीत पुस्तके होती, चित्रफिती होत्या, थोडे पैसे होते, एक गलोल होती आणि घेवड्याचा एक हवाबंद डबाही होता. तीन दिवसांच्या आत माइक टीग नावाच्या गृहस्थाने ती शोधून काढली. वन्य प्राणी खाद्याच्या वासाने डबे उकरतात असे पुढे अनुभवास आल्यावर डब्यात खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत असा नियम झाला. ज्या डब्यापासून खेळ सुरू झाला तो डबाच आजच्या नियमांत बसत नाही, हे मला विशेष आवडले. त्याहूनही मागे जायचे तर इंग्लंडातील डार्टमूरच्या माळावर, क्रॅनमिअर नावाच्या एका दुर्गम डबक्याच्या काठी, जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ मध्ये एक बाटली ठेवली होती आणि तेथवर चिखल तुडवीत पोचणारे लोक तीत आपल्या नावाच्या चिठ्ठ्या टाकीत. म्हणजे या कुळाचा मूळपुरुषही तळ्याकाठचाच.

या पत्त्यांतील अंकांचे गणित समजून घेण्यासारखे आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साठ कला आणि एक कला म्हणजे जमिनीवर सुमारे १,८५२ मीटर. कात्रजचे तळे १८ अंश २७ कलांच्या आसपास आहे आणि शनिवारवाडा ३१ कलांवर. मधल्या चार कलांचे सात-साडेसात किलोमीटर होतात, आणि पुण्याच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण या चार कलांत मावते, त्याकडे मी पुढे येणारच आहे. जिओकॅशिंगवाले कलेचाही हजारावा हिस्सा लिहितात, म्हणजे पावणेदोन-दोन मीटर, एका आडव्या पडलेल्या माणसाएवढे अंतर. अर्थात कागदावरची ही सूक्ष्मता हातातल्या यंत्रात उतरत नाही. वीस हजार किलोमीटर उंचीवरून येणारा संकेत झाडांच्या पानांत अडखळतो, इमारतींच्या भिंतींवर आपटून वळतो, आणि उघड्या माळावर चार-पाच मीटर, दाट सावलीत दहा-पंधरा मीटर इतका चकवा देतो. जगभरचे अंश आणि कला आज फुकट मिळतात म्हणून ते मिळवण्यासाठी कोणी काय सोसले हे विसरू नये. हिंदुस्थानचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू करून, साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिलेला विल्यम लॅम्बटन आपल्याच वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, जानेवारी १८२३ मध्ये मरण पावला. त्याची कबर तेथे आहे.

भारतात हा खेळ नसल्यात जमा आहे. जर्मनीत लपवलेले डबे लाखांच्या घरात गेले, आपल्याकडे त्या मानाने ते नगण्य. आपल्याला हौस नाही असे याचे कारण नव्हे. ज्या शहरात १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत एका बेवारस पिशवीने माणसे मारली आणि १ ऑगस्ट २०१२ च्या संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावर एकामागून एक स्फोट झाले, त्या शहरात झाडाच्या बुंध्याशी डबा दडवून इकडेतिकडे पाहत निघून जाणाऱ्या माणसाबद्दल बघणाऱ्याने काय समजावे? बेवारस वस्तूस हात लावू नका, असे आपल्याला बसमध्ये, स्थानकावर, चित्रपटगृहात वर्षानुवर्षे बजावलेले आहे, आणि या खेळाचे पहिले कलमच असे की बेवारस वस्तू शोधा आणि तिला हात लावा. हा खेळ खेळणाऱ्यांनीही याचा विचार केलेला आहे: डब्यावर हा खेळाचा डबा आहे असे ठळक लिहावे, जमिनीच्या मालकाची परवानगी घ्यावी, शाळा, पूल, लष्करी ठाणी यांच्या जवळपास फिरकू नये, असा त्यांचा शिरस्ता आहे. पण पंचनामा करणाऱ्या हवालदाराने तो शिरस्ता वाचलेला असेलच, या भरवशावर मी तरी डबा लपवणार नाही.

तेव्हा पुतण्याने गेल्या वर्षी गणपतीच्या सुटीत येथे आल्यावर प्रस्ताव मांडला, तो घरगुती स्वरूपाचा होता. "काका, जाहीर काहीच करायचं नाही. मी एक डबा ठेवतो, आकडे फक्त तुम्हाला देतो. तुम्ही आणि मोत्या शोधा." मोत्या हा आमचा कुत्रा. तो मुधोळचा नव्हे, कारवान नव्हे आणि विलायती तर मुळीच नव्हे. पावसाळ्यात जिन्याखाली आश्रयास आला आणि पावसाळा संपल्यावर जाण्याचे विसरला, एवढीच त्याची सनद.

तळे कोणते, यावर थोडी चर्चा झाली. खडकवासल्याचे नाव पुतण्याने काढले आणि मी ते तत्काळ खोडून काढले. १८७० च्या दशकात लष्करी इंजिनिअर फाइफच्या देखरेखीखाली बांधलेला, काही काळ त्याच्याच नावाने ओळखला गेलेला तो जलाशय भव्य आहे खरा. विश्वेश्वरय्यांनी आपली स्वयंचलित दारे १९०३ मध्ये प्रथम तेथेच बसवली आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेतपाठोपाठ तेच धरण फुटून पुणे बुडाले. परंतु त्याच्या एका काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे आणि त्या परिसरात दुर्बीण, नकाशा व डबा घेऊन संशयास्पद रीतीने वावरण्याची माझी तयारी नव्हती. कात्रजच्या जलाशयाचा एक भाग प्राणिसंग्रहालयाच्या आवारात मोडतो आणि दुसऱ्याच्या काठी बाग आहे; मोत्याला वाघाच्या शेजारी नेणे कोणाच्याच हिताचे नव्हते, आणि पुण्यातील बहुतेक सार्वजनिक बागांच्या फाटकांवर पाळीव प्राण्यांस मज्जाव असतोच. उरले पाषाणचे तळे.

रामनदीवर बांध घालून हे तळे इंग्रजी अमदानीत तयार झाले. गणेशखिंडीत सर बार्टल फ्रिअरने १८६४ मध्ये गव्हर्नरसाठी जो प्रासाद बांधावयास घेतला आणि जो पुरा होण्यास १८७१ साल उजाडले, त्या प्रासादाला व त्याच्या बागांना पाणी पुरवणे हे या तळ्याचे मूळ प्रयोजन. गव्हर्नर गेले, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि प्रासाद त्याची मुख्य इमारत बनला. तळे मात्र बेरोजगार झाले. भुगाव-बावधनच्या बाजूने वस्ती वाढली तसे रामनदीतून पाण्यापेक्षा सांडपाणी अधिक येऊ लागले, सांडपाण्यावर जलपर्णी माजली, आणि आता काही महिने असे जातात की लांबून पाहणाऱ्यास तेथे हिरवेगार मैदान आहे असेच वाटावे. तरीही जांभळ्या पाणकोंबड्या त्या हिरवळीतून लांब बोटे टाकीत चालतात, वारकरी आपली पांढरी कपाळे घेऊन मोकळ्या पाण्यात थव्याने तरंगतात, पाणकावळे पंख पसरून खुंटांवर वाळत बसतात, आणि माणसाची चाहूल लागताच टिटवी सगळ्या तळ्याला वर्दी देते. विद्यापीठ, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, असा विद्वानांचा शेजार या तळ्याला लाभला आहे. आकाशगंगांचे वय जेथे मोजले जाते तेथून थोड्याच अंतरावर मैलापाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहतो, याचे स्पष्टीकरण कोणत्या शास्त्रात शोधावे ते मला ठाऊक नाही.

पितृपक्षातल्या एका रिमझिम सकाळी, दूरध्वनीच्या पडद्यावर पुतण्याचे आकडे आणि हातात मोत्याची साखळी, असा मी सुतारवाडीच्या बाजूने काठाला लागलो. चालण्याची माझी आणि मोत्याची रीत निराळी. मला जायचे होते पडद्यावरच्या बाणाच्या दिशेने, सरळ रेषेत, अंतर कमी कमी होत जाणारे अंक पाहत. मोत्याला प्रत्येक दगड, प्रत्येक खुंट, शेणाचा प्रत्येक पो हे स्वतंत्र दस्तऐवज होते आणि ते वाचून, गरज पडल्यास त्यावर आपला शेरा मारून, मगच पुढे सरकायचे होते. मी ओढीत होतो आणि तो अडून बसत होता. कुत्र्याचे नाक नुसते तीक्ष्ण असते असे नाही. आत घेतलेला श्वास तो नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून सोडतो, त्यामुळे सोडलेली हवा पुढच्या वासात मिसळत नाही आणि हुंगणे अखंड चालू राहते. एका जागी काल कोण आले, कधी आले, भुकेलेले होते की भ्यालेले, एवढा मजकूर त्याला मिळत असताना माझ्या पडद्यावर केवळ एक निळा ठिपका थरथरत होता.

अंतर चार मीटर झाले आणि तेथेच थांबले. एक बाभूळ, तिच्याखाली ओल्या दगडांची रास, घाणेरीचे एक जाळे, आणि पलीकडे म्हशींनी तुडवलेली चिखलाची वाट. मी दगड उलथले, जाळ्यात हात घालून ओरखडे काढून घेतले, बाभळीच्या ढोलीत डोकावलो. दोन पावले डावीकडे सरकलो की अंतर सात होई, उजवीकडे गेलो की नऊ. मूळ जागी परतलो तर तेथेही आता सहा. म्हशी घेऊन चाललेला एक माणूस बराच वेळ उभा राहून माझे हे लंगडी घातल्यासारखे मागेपुढे होणे पाहत होता.

"काय हारवलंय का, काका?"

"डबा."

"कशाचा?"

याचे खरे उत्तर देणे अवघड होते. माझा विलंब पाहून त्याने म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "मग कुत्र्याला इचारा की."

मी साखळी सैल सोडली. मोत्याने बाभळीकडे पाहिलेही नाही. तो चिखलाची वाट ओलांडून पलीकडे, यंत्राने ज्या जागेचा कधीच उल्लेख केला नव्हता अशा एका पडक्या बांधाशी गेला, दोन दगडांमध्ये तोंड खुपसून फुरफुरला, आणि शेपटी हलवू लागला. आत डबा होता. पुतण्याने जर्मन शिस्तीला अनुसरून त्यात खाण्याचा कणही ठेवला नव्हता. पेन्सिल, लहानशी वही, एक नाणे, एवढेच. पण तो डबा मूळचा आमच्याच स्वयंपाकघरातला, बेसनाच्या लाडवांचा, आणि कितीही घासला तरी प्लास्टिकच्या झाकणाच्या खाचेत तूप राहतेच.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एकशे आठवे सूक्त आहे, ते मला त्या वेळी आठवले. पणी नावाच्या असुरांनी गाई चोरून डोंगराच्या कपारीत दडवून ठेवल्या, तेव्हा इंद्राने त्यांच्या शोधास धाडली ती सरमा, देवांची कुत्री. तिला रसा नावाची नदी ओलांडून जावे लागले. पणींनी तिला बहीण म्हटले, गोधनाचा वाटा देऊ केला, आणि ती बधली नाही. हे वेदातले वृत्त झाले. बृहद्देवतेत मात्र ती पणींचे दूध पिऊन परतते, इंद्रासमोर कानांवर हात ठेवते, आणि लाथ बसल्यावर ते दूध ओकते असे सांगितले आहे. दोन्ही ग्रंथकारांनी कुत्री पाळलेली असावीत, फक्त निरनिराळ्या स्वभावाची. मोत्याचे गोत्र दुसऱ्या ग्रंथातले.

यंत्राने मला चार मीटरवर आणून सोडले होते, हे कबूल केलेच पाहिजे. आठ अब्ज माणसांच्या पृथ्वीवर एका विशिष्ट बाभळीशी नेऊन उभे करणे ही सामान्य कामगिरी नव्हे. परंतु शोध म्हणून ज्याला म्हणावे ते तेथून पुढे सुरू झाले, आणि त्या शेवटल्या आठ-दहा पावलांत आकड्यांचा काहीएक उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो कोणी कोठे काय ठेवील याच्या अंदाजाचा, वाटेने रोज जाणाऱ्या माणसाच्या सल्ल्याचा, आणि नाकाचा. या गोष्टीचा पडताळा पाहण्यास पुण्याइतके योग्य शहर नाही असे माझे मत आहे. कारण या शहराने डबे नव्हे, तर अख्खे पाणीच लपवून ठेवलेले आहे.

कात्रजच्या डोंगराखाली आंबिल ओढ्यावर नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास बांध घातले आणि तेथले पाणी जमिनीखालून, दगडविटांच्या व चुन्याच्या बंदिस्त नळाने, थेट शनिवारवाड्यापर्यंत आणले. वर सांगितलेल्या चार कला त्या याच. नळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे लोखंडी तोटी येते. हा नळ माणूस आत उतरून चालू शकेल असा आहे. पंप नाही, चक्र नाही. कात्रज उंच आणि कसबा सखल, एवढ्या एका सत्यावर सारी योजना उभी. बंदिस्त मार्गात हवा कोंडली तर पाणी अडते, म्हणून वाटेत ठिकठिकाणी जमिनीच्या वर डोके काढणारे विहिरीसारखे उभे मनोरे बांधले. त्यांना उच्छ्वास म्हणत. त्यांतून हवा सुटे, आणि त्यांतूनच माणसे उतरून तळाशी साचलेला गाळ उपसून काढीत. शहरात पोचल्यावर हे पाणी हौदांत पडे: काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेचा हौद, फडक्यांचा हौद. पुढे नाना फडणविसांनी आंबेगावच्या बाजूने आणि रास्त्यांनी कोंढव्याकडून आपापले नळ आणवले. पाणी खासगी वाड्यात खेळवण्याची मिजास त्या काळी होती, पण हौद रस्त्यावर होते आणि त्यांवर रयत पाणी भरत होती, हे त्या अमदानीच्या जमेस धरावे लागेल.

उच्छ्वास शोधणे हे पुण्यातले खरे जिओकॅशिंग होय. पेठांमध्ये यंत्र अगदीच केविलवाणे होते. अरुंद बोळात दोन्ही बाजूंच्या इमारतींवर संकेत आपटतो आणि निळा ठिपका या वाड्यातून त्या वाड्यात भिंती भेदून उड्या मारतो. मी आणि पुतण्या मोत्याला घेऊन रविवारी पहाटे, दुकाने उघडण्यापूर्वी, हिंडलो. हौदाची नावे चौकांना चिकटली आहेत आणि रिक्षावाल्यांना ती तोंडपाठ आहेत, पण "हौद कोणत्या बाजूला हो?" असे विचारल्यावर तेच रिक्षावाले आपल्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतात. जी जागा सापडते ती एखाद्या वृद्धाच्या बोटामुळे. दूध घेऊन परतणाऱ्या एका आजींनी, लहानपणी आपण कोठे घागर लावून उभ्या राहत होतो ते दाखवले. तेथे आता स्कूटरी उभ्या होत्या. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात एक जुना भूमिगत जलमार्ग अकस्मात उघडा पडला, तेव्हा सारे शहर आश्चर्यचकित झाले. आश्चर्य त्या जलमार्गाचे वाटू नये, आपल्या पायांखाली काय आहे याचा नकाशा आपण हाती ठेवला नाही याचे वाटावे.

आंबिल ओढ्याची हकीकत याहून बोलकी आहे. हा ओढा पूर्वी पर्वतीकडून पेठांच्या अंगाने वाहत येऊन मुठेला मिळे. पेशवाईत त्याला पश्चिमेकडे, आजच्या दांडेकर पुलाच्या बाजूस वळवले, शहराला वाढण्यास जागा करून दिली, आणि पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेबांनी मोठे तळे करविले. तळ्यात बेट, आणि त्या बेटावर सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत १७८४ मध्ये सिद्धिविनायकाची स्थापना झाली. नानासाहेब स्वतः पानिपतच्या धक्क्याने खचून २३ जून १७६१ रोजी याच पर्वतीवर वारले; आपल्या तळ्यावर त्यांची शेवटची नजर पडली असेल तर नवल नाही. पुढे तळे आटवले, पालिकेने तेथे सारसबाग केली, आणि आज तळ्यातल्या गणपतीला जाणारे भाविक कोरड्या पायांनी जातात. पण वळवलेला ओढा वळलाच आहे असे गृहीत धरून त्याच्या पात्रात वस्त्या आणि भिंती चढत गेल्या, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरात पाऊस कोसळला तेव्हा ओढ्याने सीमाभिंती पाडल्या, माणसे व वाहने वाहून नेली. ज्यांनी घरे घेतली त्यांच्या खरेदीखतांत चतुःसीमा होत्या. त्यांत ओढा किती जणांच्या लिहिला होता?

सारसबागेच्या भिंतीबाहेर आम्ही थांबलो, आत मोत्याला मज्जाव म्हणून. पुतण्या म्हणाला की त्यांच्या खेळात बिनडब्याचाही एक प्रकार असतो: जागेवर काहीच दडवायचे नाही, फक्त तेथे प्रत्यक्ष गेल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असा एखादा प्रश्न घालावयाचा. उत्तर बरोबर आले की नोंद मान्य. मला वाटते, पुण्यासाठी हाच प्रकार सनदशीर. पोलिसांना त्रास नाही, पाखरांना नाही, प्लास्टिकची भर नाही. आणि लपवण्याचे काम अडीचशे वर्षांपूर्वी पुरे झालेले असल्याने आपल्याकडे केवळ विचारण्याचे उरते. अमुक उच्छ्वासाच्या कठड्यावर किती थर विटांचे आहेत? अमुक हौदाच्या दगडावर दोराच्या खाचा कोणत्या अंगास आहेत? शाळांनी हे मनावर घेतले तर मुले इतिहासाच्या पुस्तकातल्या कात्रजच्या तलावाला एकदा तरी हात लावून येतील.

तरी परतफेड म्हणून एक डबा लपवण्याचे मला उरले होते. आश्विनात, पुतण्या परत गेल्यावर, मी तोच लाडवांचा डबा पाषाणला नेऊन ठेवला, मात्र आकडे घेतले नाहीत. जुन्या खरेदीखताच्या थाटात त्याला लिहून पाठवले: मौजे पाषाण, सुतारवाडीच्या अंगचा तळ्याचा काठ, पूर्वेस तळ्याचे पाणी, पश्चिमेस पडका बांध, उत्तरेस वाकडी बाभूळ, दक्षिणेस म्हशींची वाट, येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक डबा एक.

नाताळच्या सुटीत तो आला आणि तो कागद खिशात घालून एकटाच गेला. अंधार पडताना परतला तेव्हा त्याचे बूट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. पूर्वेची सीमा सरकली होती. पावसाळ्यानंतर पाणी चांगलेच मागे हटले होते आणि मधल्या पट्ट्यात जलपर्णी सुकून पडली होती. दक्षिणेची सीमा म्हशींनी बदलली होती, आणि उत्तरेस एक नव्हे, तीन वाकड्या बाभळी होत्या. मी आकडे ठेवायला हवे होते, असे तो स्पष्टपणे म्हणाला, आणि ते म्हणणे रास्त होते. मामलेदारांनीही त्याच्याच बाजूने निकाल दिला असता. चहा पिऊन झाल्यावर त्याने दाराशी निजलेल्या मोत्याकडे पाहिले आणि उद्यासाठी साखळी मागून घेतली.